निळा अडतीस

इरफान कोकणीने मॉनिटर गोणपाटात गुंडाळून दिला,
अंबडच्या एका बंद पडलेल्या कंपनीतल्या सतरांपैकी एक.
म्हणाला, वरच्या कोपऱ्यात एक ठिपका मेलाय ताई,
बाकी सगळा जिवंत आहे.

घरी आणून लावला, तर पांढरं
पांढरं नव्हतं.
धुऊनही चहाचा डाग राहतो तसं,
किंवा बेदाण्यावर उतरते ती सुस्त झाक.

मेनूत शिरले.
लाल शंभर. हिरवा ब्याण्णव. निळा अडतीस.
ब्राइटनेस अकरा.
कोणीतरी एकेक टिचकी मारत
हे आकडे इतक्या खाली आणले होते.
रात्रपाळी असणार.
डोळे चुरचुरत असणार.
कंपनीला कुलूप लागेपर्यंत त्याने निळ्यावाचून भागवलं,
किंवा तिने.
खाली फॅक्टरी रिसेट.
मी बटणावर बोट ठेवलं, काढलं,
आधी आकडे लाइटबिलाच्या मागे उतरवून घेतले.
का, ते विचारू नका.

माझं काम द्राक्षांचं.
पिकवायचं नाही, खोक्यावर छापायचं.
मागच्या खेपेला पिंपळगावच्या बोरस्तेंनी
नऊशे खोकी जिन्यात आणून टाकली:
ही द्राक्षं आहेत का ढोबळी मिरची?
माझ्या जुन्या स्क्रीनवर ती द्राक्षंच होती
हे ऐकायला ते थांबले नाहीत.

म्हणून या वेळी पडदा ओढला, ट्यूब घालवली,
राखाडी पट्ट्या उघडल्या.
काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकवीस पायऱ्या,
आठवीवर जांभळट, तेरावीवर शेवाळ.
निळा चढवला. पन्नास. एकाहत्तर.
हिरवा एक घर मागे.
पुन्हा एक पुढे.
राखाडी फार कजाग रंग,
कोणाची जराशी बाजू घेतली
की लगेच पकडतो.
तासाभराने मला काहीच कळेना,
माझा हातसुद्धा हिरवा दिसायला लागला.

खालच्या मजल्यावरून खैरनारकाकांना बोलावलं.
चौतीस वर्षं नाशिकरोडला छापखान्यात, शाईकडे.
तिथलं ते सांगत नाहीत, काकूंनाही नाही.
फक्त बाजारात
कोथिंबिरीची जुडी उन्हात धरून उलटीपालटी करतात
आणि भाजीवाली ओरडते,
घ्या आता, नोट आहे का ती!

काका बसले. डावा डोळा झाकला.
पिवळं आहे, म्हणाले.
उजवा झाकला.
निळं फार झालंय.
मग स्वतःच हसले. डाव्याचा मोतीबिंदू
संक्रांतीआधी काढलाय, उजव्याचा पाडव्यानंतर.
तुला कोणत्या डोळ्याचं हवंय?

पट्टी सोडली त्या दिवशी, म्हणाले,
स्वयंपाकघराची भिंत पांढरी निघाली.
मी तिला सायीच्या रंगाची समजत होतो.
आणि हिचे केस
पुढचं बोलले नाहीत,
तिथलं बोलत नाहीत तसंच.

मग एकदम साहेबी आवाजात:
पडदा कशाला ओढलाय?
माल अंधारात विकतात का?
फ्रिजमधून घड आण.

खिडकीतल्या उजेडात काकांनी घड धरला स्क्रीनशेजारी,
मी टिचक्या मारत राहिले.
एक कमी. अजून एक. थांब. गेलं. मागे ये.
ऊन सरकलं की द्राक्ष बदलायचं,
द्राक्ष बदललं की आम्ही.
साडेचारपर्यंत निम्मा घड खाऊन झाला होता
आणि उरलेल्या देठांशी
स्क्रीन बऱ्यापैकी जुळत होता.

ते आकडे दोन नंबरच्या खान्यात साठवले.
एक नंबरच्या खान्यात, लाइटबिल समोर धरून,
निळा पुन्हा अडतीसवर नेला.

बोरस्तेंना नमुना गेलाय, उत्तर आलेलं नाही.
रात्री फाइल बंद केली की मी
एक नंबर दाबते.
भिंतीसकट सगळी खोली सायीच्या रंगाची होते,
कोपऱ्यातला ठिपका तेवढा काळाच.
अकरा ब्राइटनेस खरंच पुरतो,
त्याचं बरोबर होतं.
किंवा तिचं.